शंकेचा रकाना

माझ्या इंग्रजीमुळे एका बाईची नोकरी जायची वेळ आली होती. इंग्रजी कच्चं होतं म्हणून नव्हे हं, चांगलं होतं म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं, मराठी माध्यमातली बाई, हिने काहीतरी स्पेलिंगची गडबड केली असणार. अजिबात नाही. स्पेलिंग एकूण एक बरोबर होती.

बदलापूरच्या कुळगावातल्या आमच्या सोसायटीत कुठलाही इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत माझ्या दारात येतो. विम्याचा, बँकेचा, मुलांच्या शाळेचा, कसलाही. मी चष्मा लावते, "हं" म्हणते, आणि वाचायला लागायच्या आधीच माझी मान ताठ होते. नवरा म्हणतो, "तुला कागद समजला नाही तरी तोंडावरून कळत नाही, हा तुझा खरा गुण." मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. नगरपालिकेच्या शाळेत शिकून, बाहेरून बी.कॉम. करून जे मिळवलंय ते मी मिरवणार. का नाही मिरवायचं?

नोकरी उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात, पापडाच्या कारखान्यात. तीन मजल्यांची इमारत. खाली पीठ मळायचं आणि पापड लाटायचं मशीन, मध्ये पॅकिंग आणि ऑफिस, वर गच्चीवर वाळवण. शेठ सिंधी. वडिलांनी एका खोलीत सुरू केलेला धंदा त्यांनी परदेशात नेला. माझं काम रजिस्टरचं. कुठल्या लॉटला कुठलं पीठ, किती तास वाळला, कोणी तपासला, काय निघालं, सगळं इंग्रजीत. कारण परदेशातल्या गिऱ्हाइकाला मराठी येत नाही आणि शेठना लिहायचा कंटाळा.

तपासणारी एकच, आमची मावशी. माझी नात्याची कोणी नाही. सगळा कारखानाच तिला मावशी म्हणतो. पालेगावची. तिच्या सासरची भाताची खाचरं होती तिथे आता टॉवर उभे आहेत. "आमच्या खाचरात आता लिफ्ट हाय," असं ती सांगते, वर हसते. आधी बरीच वर्षं तिने पापडाचे ट्रे डोक्यावरून गच्चीवर नेले. त्यात गुडघे कामातून गेले. मग शेठनी तिला खाली शेगडीसमोरचं स्टूल दिलं आणि तपासणी दिली. ते स्टूल म्हणजे तिचं सगळं होतं. स्टूल गेलं की परत गच्ची, आणि गच्चीचे जिने तिला चढवत नव्हते, म्हणजे घरीच बसायचं. आणि नात नर्सिंगला होती, तिचं शिक्षण मावशीच्या पगारावर चाललेलं.

मावशीची तपासायची पद्धत बघण्यासारखी. प्रत्येक लॉटमधले दोन पापड घ्यायचे. एक चिमट्यात धरून भाजायचा, उजेडाकडे धरून बघायचा, मग कानाजवळ नेऊन मोडायचा. तुकडा जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटून बसायचं. दुसरा तसाच कच्चा चाखायचा. हे सगळं झालं की म्हणायचं, "जाऊ दे." तिने "जाऊ दे" म्हटलं की मी रजिस्टरात लिहायचं, ओके. कधी कधी ती काहीच बोलायची नाही, ट्रे बाजूला सरकवायची आणि दुसऱ्या दिवशी म्हणायची, "जाऊ दे." मग मी दुसऱ्या दिवशी ओके लिहायचे. सहा वर्षं मी ओके लिहीत होते. एवढं इंग्रजी शिकून रोज दोन अक्षरं! माझं इंग्रजी गंजत चाललं होतं.

बरं, आमचं दोघींचं चांगलं जमायचं. मी बदलापूरहून स्कूटरने निघायचे, चिखलोली मागे टाकून अंबरनाथला आले की पालेगावच्या फाट्यावर मावशी उभी असायची. हेल्मेट घालायची आणि हेल्मेटवरून पदर घ्यायची. किती वेळा सांगितलं, मावशी, पदर आत घ्या, उडतो. "लोक बघतात, बाय," म्हणायची. मागे बसून कारखान्यापर्यंत तिची टकळी चालू आणि पुढे माझी. कोण कोणाचं ऐकतंय, देव जाणे.

तर एकदा परदेशातल्या गिऱ्हाइकाने तपासणीला एक बाई पाठवली. ऑडिटर. तिशीतली, बंगळूरकडची, इंग्रजी आणि हिंदी बोलणारी, हातात टॅब, डोक्याला आमचीच जाळीची टोपी. मशीन बघितलं, गच्ची बघितली, मग माझं रजिस्टर मागितलं. मी पुढे केलं, मान ताठ. तिने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर दहा. ओके, ओके, ओके. तिने शेठना विचारलं, वर्षभरात तुमच्या चेकरला एकदाही शंका आली नाही का?

शेठना वाटलं कौतुक चाललंय. छाती फुगवून म्हणाले, "नहीं मॅडम! एक बार भी नहीं."

तिने रजिस्टर मिटलं. "मग तुमच्याकडे तपासणी होतच नाही," ती म्हणाली. "ज्याला कधीच शंका येत नाही तो बघत नाही, असा त्याचा अर्थ. मी पुढच्या महिन्यात परत येईन. चेकरला कधी शंका आली आणि तेव्हा तिने काय केलं, हे मला लिहिलेलं दिसलं पाहिजे. तोपर्यंत पुढची ऑर्डर थांबेल."

ती गेली आणि शेठ पंख्याखाली मटकन बसले. "शंका नाही म्हणून फेल! दुनिया में पहली बार सुना." अर्धा तास तसेच बसून राहिले. मग उठले, बाजारातून स्वतः नवं कोरं रजिस्टर घेऊन आले, पट्टी घेतली आणि प्रत्येक पानावर एक जास्तीचा रकाना आखला. शेवटचं पान आखून झाल्यावर रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. "मॅडम, पिछले छह महीने की शंका भर दो. पूछेगी तो बोलेंगे, शंका का रजिस्टर अलग था."

गाडीत पेट्रोल भरावं तशी शंका भरायची. आता शहाण्या बाईने काय म्हणायला हवं होतं? शेठ, हे खोटं आहे, मी मागच्या तारखा घालून काही लिहिणार नाही. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "करते ना, त्यात काय." खरं सांगायचं तर मला उकळ्या फुटत होत्या. सहा वर्षांनी कोणीतरी माझ्या इंग्रजीला काम दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मी मावशीला विचारलं, "मावशी, तुम्हाला पापड तपासताना कधी शंका येते का हो?"

"रोजच," ती म्हणाली. "परवा नाय का, भाजला तं फुलला बेस, पन मोडला तवा आवाज दबका आला. मंग मी काय केलं, दुसरा घेतला..."

अंबरनाथच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेलं, मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. मी म्हटलं, "मावशी, एवढं लांबड नको. एका शब्दात सांगा."

"एका शब्दात कसं सांगू, बाय? शंका काय एक असते? एकदा तं असं झालं, पापड दिसाया चांगला, चवीला चांगला, पन माझ्या मनात पाल चुकचुकली."

मी मनात म्हटलं, झालं! खाण्याच्या कारखान्याच्या रजिस्टरात पाल लिहिली की ऑडिटरबाई पापड सोडून पाली शोधत फिरेल. "राहू द्या मावशी," मी म्हटलं, "मी बघते काय लिहायचं ते." एवढं बोलून मी गाडी पुढे घातली. त्या पुलावर मी अजून दोन मिनिटं ऐकून घेतलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं.

मग मी बसले. दुपारी जेवण उरकलं की ऑफिसच्या टेबलावर एकीकडे रजिस्टर, दुसरीकडे मोबाईल. मोबाईलवर शोधलं, गोंधळ आणि शंका ह्यांना इंग्रजीत काय काय म्हणतात. बाई गं! केवढी ती यादी! मला वाटायचं इंग्रज लोक स्वतःबद्दल फार खात्रीचे. कसले? त्यांच्याकडे गोंधळाला एवढे शब्द आहेत की रोज एक नवा गोंधळ नेसावा.

पहिल्या आठवड्यात मी जपूनच होते. "चेकर नॉट शुअर." "चेकर डाउटफुल." सरळ साधं. पण तोच तोच शब्द परत आला तर खोटं वाटेल, म्हणून मी नियम केला, एका महिन्यात एक शब्द एकदाच. मग पुढचे शब्द उघडावे लागले. पझल्ड. बॅफल्ड. पर्प्लेक्स्ड, ह्याच्या शेवटी जीभ इतकी अडते की उच्चारतानाच माणूस तसा होतो. 'ऑन द फेन्स' असाही एक होता, पण मावशी तिच्या गुडघ्यांनिशी कुंपणावर चढून बसलीय असं डोळ्यांपुढे आलं आणि मी तो सोडून दिला. 'बिविल्डर्ड' माझा लाडका. तो मी हिंगाच्या लॉटला दिला. सणाची सुट्टी संपवून कारखाना उघडला त्या दिवशी मावशी 'डिसओरिएंटेड' झाली. काळ्या मिरीच्या पापडाने तिला 'डम्बफाउंडेड' केलं. 'फ्लमॉक्स्ड' हा शब्द मला इतका आवडला की घरी जाऊन नवऱ्याला वाचून दाखवला.

"पापडामुळे एवढं होतं माणसाला?" तो म्हणाला.

"तुला भाषेतलं सौंदर्य कळत नाही," मी म्हटलं.

काळजी मात्र घेतली हं. कॅलेंडर समोर ठेवून लिहिलं, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मावशी गोंधळायला नको. शाई दोन-तीन पेनांनी बदलली. आणि प्रत्येक नोंदीपुढे, शेवटच्या रकान्यात, 'परत तपासलं, ओके.' सहा महिने भरून झाले तेव्हा मी रजिस्टर पहिल्यापासून वाचलं आणि माझा मलाच अभिमान वाटला. शेठनी वाचलं नाही, नुसतं चाळलं. "वा मॅडम, क्या इंग्लिश है," म्हणाले.

महिन्याने ऑडिटरबाई आली. मावशीने त्या दिवशी ठेवणीतली निळी साडी नेसली होती, जाळीच्या टोपीखाली केस चापूनचोपून बसवले होते. तिने ताजा पापड भाजून दोन्ही हातांनी बाईला दिला. बाईने खाल्ला, "वेरी नाइस," म्हणाली. मावशी खूश. मग बाई तिथेच, शेगडीपासून चार पावलांवरच्या टेबलाशी बसली आणि रजिस्टर उघडलं.

आधी तिच्या ओठांचे कोपरे हलले. मला वाटलं, आवडलं. मग कपाळाला आठी पडली. पानं उलटत गेली तशी आठी वाढत गेली. शेवटी तिने शेठना हळू आवाजात, इंग्रजीतच विचारलं, "तुमच्या चेकरची तब्येत बरी असते ना?"

"फर्स्ट क्लास," शेठ म्हणाले.

"मग हे काय आहे? एका आठवड्यात बिविल्डर्ड. पुढच्या आठवड्यात डिसओरिएंटेड. एक साधा मिरीचा पापड बघून डम्बफाउंडेड. मी चेकरच्या शंका मागितल्या होत्या. इथे तर चेकरचंच डोकं ठिकाणावर नाही असं दिसतंय. हिच्या जिभेवर आम्ही माल कसा घ्यायचा?" मग ती म्हणाली, चेकर बदला. कोणीतरी तरुण, आत्मविश्वास असलेली बसवा, म्हणजे ऑर्डर सोडता येईल.

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. शेठ वाईट माणूस नाही, पण ऑर्डर अडकली होती. ते म्हणाले, "ठीक है मॅडम. कल से दूसरी बिठाता हूँ. इनको ऊपर छत का काम दे देंगे."

हे सगळं मावशीच्या समोर चाललं होतं आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. ती चिमटा हातात धरून आमच्याकडे बघून हसत होती. मला म्हणाली, "काय म्हनते बाई?"

"काही नाही मावशी," मी म्हटलं. "चांगलंच म्हणतेय."

हे मी बोलले. ह्या तोंडाने. ऑडिटरबाई चहाला वर ऑफिसात गेली आणि मी डबा उघडून बसले. पोळीचा तुकडा मोडून तसाच डब्यात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले ते. त्या यादीतले सगळे शब्द माणसाच्या डोक्याबद्दल होते. पापडाबद्दल एकही नव्हता. पापडात काहीतरी खटकलं असं लिहायचं होतं आणि मी पानोपानी लिहून ठेवलं होतं की ही बाई चक्रावलीय. मला नवा शब्द मिळाला की तो तिच्या अंगावर टाकायचा. तिचा रंग बघितला नाही, माप बघितलं नाही.

उठून सांगायला हवं होतं. पण बसल्या जागेवरून हलवेना. कोणी म्हणेल, बाई, तुझा गोंधळ झाला असेल. छे, मला गोंधळ वगैरे काही नव्हता. मला भीती वाटत होती. मागच्या तारखा घालून खोटं रजिस्टर लिहिलं म्हटल्यावर माझी नोकरी राहील का? आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट सांगते, नोकरीपेक्षा मला जास्त भीती ह्याची होती की सगळा कारखाना हसेल. इंग्रजीवाली मॅडम तोंडावर आपटली म्हणतील.

तेवढ्यात मावशी एका हाताने गुडघा दाबत, लंगडत आली आणि माझ्या डब्याच्या झाकणात सुकटीची चटणी वाढली. "आज जेवत का नायस? बाई खूश हाय ना? मंग?" असं म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

मी डबा तसाच टाकून वर गेले. वाटेत इंग्रजीत एक झकास वाक्य जुळवलं होतं, पण ऑफिसच्या दारात ते पार विस्कटलं. "मॅडम," मी हिंदीतच म्हटलं, "वो रजिस्टर मैंने लिखा है. सब एक साथ बैठ के, मोबाईल में देख देख के. उनको कुछ नहीं हुआ था. बिविल्डर्ड मैं हूँ."

शेठना चहाचा ठसका लागला. मी पुढे सगळं सांगून टाकलं. रकाना शेठनी आखला आणि शंका मी भरल्या, हेही. शेठ ठसक्यातच हात हलवून मला गप्प करत होते, पण मी आता कोणाला ऐकते? ऑडिटरबाई शांतपणे ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "मग त्या दिवसांत ती खरं काय म्हणाली होती?"

सहा वर्षं ती माझ्या स्कूटरवर मागे बसून बोलत होती आणि मला एक धड वाक्य आठवेना. आवाज दबका आला एवढंच आठवलं, आणि पाल. मी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चला खाली," बाई म्हणाली.

खाली तिने मावशीला सरळ हिंदीत विचारलं, तुम्हाला शंका आली की तुम्ही काय करता? मावशीचं हिंदी म्हणजे पाच नंबरच्या भाजीबाजारात शिकलेलं, पण कुठे अडत नाही. तिने चिमटा ठेवला, पदर खोचला आणि बाईला शेगडीमागच्या मांडणीकडे नेलं. खालच्या फळीवर चार-पाच ट्रे होते. प्रत्येकाच्या कडेला जुन्या साडीची एकेक चिंधी बांधलेली. त्या चिंध्या मी रोज बघायचे. मला वाटायचं, ट्रे मोजायला बांधत असेल.

"ये देखो," मावशी म्हणाली. "एक गाठ, मतलब कुछ तो खटकता है, कल फिर भाजेंगी. दो गाठ, मतलब दूसरे दिन बी खटका, तो उस पीठ का सब ट्रे रुकेगा. तीन गाठ, मतलब शेठ को बुलाव, ये माल जानेका नय."

"तीन गाठी कितने बार बांधा?"

"दो बार. शेठ को पूछो ना. पूरा पीठ वापस किया."

"हां हां!" शेठ एकदम ओरडले. "वो पीठ! मावशी के बोलने पे लौटाया था, मॅडम, व्यापारी से झगडा भी हुआ!" आत्तापर्यंत हे त्यांना आठवलं नव्हतं. मला तर कधी माहीतच नव्हतं. पीठ परत गेलं की त्याची नोंद रजिस्टरात यायचीच नाही, आणि जे रजिस्टरात नाही ते माझ्या लेखी झालंच नव्हतं.

ऑडिटरबाई वाकून गाठी बघत होती. "म्हणजे तुम्हाला शंका बऱ्याच वेळा येते," ती हिंदीत म्हणाली.

मावशीला ते लागलं. ती ताठ उभी राहिली, गुडघे विसरून. "शक पापड में होता है, बाई. मेरे में नय."

बाई कितीतरी वेळ टॅबवर लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने माझ्या रजिस्टराच्या प्रत्येक पानावर लाल पेनने तिरकी रेघ मारली. मग शेठना आणि मला बाजूला घेऊन इंग्रजीत जे काय सुनावलं, त्यातले अर्धे शब्द माझ्या यादीत नव्हते, पण अर्थ पोचला. ऑर्डर आणखी एक महिना थांबली. मावशीचं स्टूल राहिलं. आजपासून तिच्या गाठीच रजिस्टरात लिहायच्या, एक, दोन, तीन, आणि ते आकडे मावशीनेच लिहायचे, असं बाईने सांगितलं. आकडे मावशीला येत होतेच.

माझी नोकरीही राहिली, पण रजिस्टर गेलं. शेठ म्हणाले, "मॅडम, आपकी इंग्लिश बहुत अच्छी है. इसलिए आप अभी कुछ मत लिखो." आणि मला पॅकिंगला, स्टिकर चिकटवायला बसवलं. ते मला मान्य होतं. मात्र शेठना कुठली गोष्ट पोटात ठेवायची अक्कल नाही. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावर सगळ्यांना सांगून झालं होतं, हसत हसत, मावशीलासुद्धा: "मावशी, मॅडम ने आपको छह महीने पागल लिखा था!"

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मावशी नव्हती. मी दहा मिनिटं थांबले, मग पुढे गेले. कारखान्यात आली होती, शेअर रिक्षाने. माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मागच्या सीटवर कोणी नसलं की स्कूटर इतकी हलकी वाटते, मला ते सोसत नव्हतं. पॅकिंगच्या पोरी मला चिडवायच्या, "मॅडम, स्टिकर उलटं लागलं, तुम्ही बिविल्डर्ड का?" मी एरवी फाडून खाल्लं असतं. आता उलटं स्टिकर सोलून सरळ लावायचे.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी एक जिना कसाबसा चढून माझ्या टेबलाशी आली. काखेत ते लाल रेघांचं रजिस्टर. एक पिठाचा डबा उलटा घातला, त्यावर हळूहळू बसली आणि रजिस्टर माझ्यापुढे टाकलं.

"वाच."

"काय वाचू?"

"माझ्याविषयी काय काय लिवलंस ते. मराठीत."

मी इकडेतिकडे बघितलं. पोरी डबे घेऊन जवळ सरकल्या होत्या. "राहू द्या ना मावशी."

"वाच म्हनते ना."

मी पहिलं पान उघडलं. "चेकर... खात्री नाही." "बरं. पुढं." "चेकर गोंधळली." "पुढं." "चेकर बुचकळ्यात पडली. चेकर चक्रावली." प्रत्येक शब्दाला ती मान हलवायची, जसं काही पापड जिभेवर ठेवलाय. "पुढं." "चेकर गांगरली. भांबावली. बावचळली." पोरी खिदळायला लागल्या. मावशी हसली नाही. मी 'डिसओरिएंटेड'पाशी अडले.

"मंजे?"

"म्हणजे... दिशा कळत नाही अशी."

"दिशा? शेगडी पुढं, जिना मागं. त्यात काय कळायचं नव्हतं मना?"

पोरींनी डब्यात माना घातल्या. मी पुढची पानं वाचली. 'डम्बफाउंडेड'ला मी म्हटलं, वाचा बसली. फ्लमॉक्स्डला मला मराठीत काहीच सापडलं नाही, तेव्हा मी नुसतंच म्हटलं, "भंजाळली." माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता. इंग्रजीत किती छान वाटले होते हे शब्द! आता एकेक मराठीत, तिच्या तोंडावर, तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत बोलायचा होता.

संपलं. मावशीने रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "एवढी येडी होते मी, तं सहा वर्स माझ्या हातचा पापड खाल्लास कशाला? मना गाडीवर मागं बसवलंस कशाला? आनि येकदा इचारलं असतंस नीट, तं मी सांगितलं नसतं?"

मला रडू आलं. सगळ्यांच्या समोर, स्टिकरच्या गुंडाळीवर टिपं पडली. कुठलाच शब्द शोधावा लागला नाही.

"चुकलं माझं, मावशी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग डोळे मिटले, मग उघडले.

"हां," ती म्हणाली. "ह्यात मना काय शंका नाय. संध्याकाळी गाडी गेटाशी आन. मना रिक्षात चढवत नाय."